मागच्या खोलीतली अक्षरं

प्रूफकाकांचं खरं नाव कुणाच्याच ओठावर उरलं नव्हतं. छापखान्यात, ग्रंथालयात, गल्लीत, सगळीकडे ते प्रूफकाकाच होते, आणि घरी बायको 'अहो' म्हणे, त्यामुळे नावाचं काही कामच पडत नसे.

उभा जन्म त्यांचा छापखान्यात गेला होता. यंत्रावरून उतरलेले कच्चे कागद त्यांच्या टेबलावर येत आणि ते लाल पेन घेऊन त्यावर असे तुटून पडत, की नवखा लेखक समोर बसला असला तर त्याच्या तोंडचं पाणी पळे. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांना चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी चुका, मग नवरा-नवरीची नावं. जावयाच्या घरच्या पत्रिकेतही त्यांनी लाल खुणा केल्या होत्या, आणि त्यावरून बायकोने त्यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता.

संध्याकाळी छापखाना सुटला की पाय आपोआप सार्वजनिक ग्रंथालयाकडे वळत. इमारत जुनी, बसकी. आत शिरताच लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना कुरकुरणाऱ्या खुर्च्या, वर अधूनमधून डोळे मिचकावणारा दिवा. वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांत अडकवलेली. निवृत्त झालेली मंडळी सकाळपासून जागा धरून बसत. घरात अभ्यासाला कोपरा नसलेली पोरं दुपारी येत. कामाच्या शोधात असलेले जाहिराती वाचत. एक गृहस्थ तर रोज मासिक उघडून त्यामागे झोपत, आणि त्यांना कुणी उठवायचं नाही असा अलिखित नियमच होता. टेबलाचं खिडकीकडचं टोक प्रूफकाकांचं.

ग्रंथपाल बाई उंच, किरकोळ बांध्याच्या, आवाज इतका हळू की समोरच्याने कान द्यावेत. फाटकी पुस्तकं ठेवायची जी मागची खोली होती, तिथे त्यांनी आठवड्यातून तीन दुपारी मोठ्या माणसांसाठी साक्षरता वर्ग सुरू केला. पहारेकरी, स्वयंपाकीण, एक नातवंडं असलेली आजी, अशी चार टाळकी जमली. त्यांच्या बाराखडीचा आवाज दाराबाहेर येऊ लागला तेव्हा टेबलावरच्या वाचकांनी कुरकुर केली. त्यात प्रूफकाकांचा सूर सगळ्यांत वरचा होता. हे वाचनालय आहे की बालवाडी, असं ते सुट्टीच्या दिवशी दुपारी बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं, दाराला जाड कापडाचा पडदा लावला आणि वर्ग चालू ठेवला.

मग ती सकाळ आली. प्रूफकाकांनी चहाचा पहिला घोट घेतला, वर्तमानपत्र उघडलं आणि तसेच बसून राहिले. अक्षरं जागच्या जागी होती, काळी, ठसठशीत. पण एकही ओळख देईना. ओळखीच्या माणसाने समोरून यावं आणि मान फिरवून निघून जावं, तसं त्यांना झालं.

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "आज पेपर कुठल्या भाषेतला टाकलाय?"

तिने पदराला हात पुसत पाहिलं. नेहमीचाच पेपर होता. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती शेजाऱ्यांना हाका मारत बाहेर धावली.

इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नाव-पत्ता लिहायला सांगितला. त्यांनी वळणदार अक्षरात झरझर लिहिला. मग तोच कागद त्यांच्यासमोर धरून त्या म्हणाल्या, आता हे वाचा. प्रूफकाका आपल्याच अक्षराकडे बघत राहिले. परक्या माणसाने परक्या लिपीत काहीतरी खरडल्यासारखं ते होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की मेंदूतल्या एका बारक्या नसेत रक्त अडलं. डोळे शाबूत आहेत, बोलणं शाबूत आहे, हात शाबूत आहे. डोळ्यांनी पाहिलेलं शब्दांपर्यंत नेणारा पूल तेवढा पडला आहे. काहींना थोडंफार परत येतं, काहींना येत नाही. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

छापखान्याचे मालक घरी येऊन गेले. बरं वाटलं की या, तुमचं टेबल तुमचंच आहे, असं ते म्हणाले. ते बोलताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर प्रूफकाका घराबाहेर पडेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून बसत. रस्त्यावरची पाटी, डब्यावरची चिठ्ठी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जग एका रात्रीत त्यांच्याशी बोलायचं थांबलं होतं. बायको बिचारी पेपर वाचून दाखवायला बसे. ती जोडाक्षरांना अडखळायची, आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं अडखळणं खोडून काढलं त्याला ते सहन होईना. एकदा त्यांनी तिच्या हातातून पेपर काढून घेतला आणि म्हणाले, तुझं वाचन ऐकवत नाही. ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

उशाशी ग्रंथालयाची पुस्तकं पडून होती. तिकडे नजर गेली की प्रूफकाकांचा चेहरा कसानुसा होई, म्हणून एके दिवशी बायकोने ती पिशवीत घातली आणि ताकास तूर न लागू देता परत करायला गेली. ग्रंथपाल बाईंनी सहज विचारलं, काका दिसत नाहीत बऱ्याच दिवसांत. एवढं विचारणं पुरलं. तिने तिथेच, पुस्तकांच्या खिडकीशी उभं राहून, सगळं सांगून टाकलं. बाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. मागच्या खोलीत अजून एक खुर्ची मावते, एवढंच म्हणाल्या.

निरोप ऐकून प्रूफकाकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उभा जन्म लोकांच्या चुका काढल्या. आता म्हातारपणी 'ग म भ न' गिरवू? त्या अक्षरशत्रूंच्या रांगेत बसून?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "ते शत्रू आहेत की नाही ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण अक्षरांशी सध्या तुमचंही फारसं बरं नाही."



काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. बायको सोबत निघाली, तर म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे? आणि एकटेच बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. बस आली. कपाळावर पाटी होती. ती त्यांना दिसत होती, फक्त सांगत काही नव्हती. शेजारी एक शाळकरी मुलगी उभी होती, तिला विचारलं असतं तर तिने पटकन सांगितलं असतं. पण त्यांची जीभ उचलेना. ज्या गावात लोक आपल्याला एखादा शब्द कसा लिहायचा म्हणून विचारतात, त्या गावात बसची पाटी कशी विचारायची? ते अंदाजाने चढले.

इस्पितळ आलंच नाही. दुकानं विरळ झाली, मग घरं, मग कारखान्यांच्या लांबच लांब भिंती लागल्या. शेवटी एका उजाड जागी बस थांबली आणि चालक उतरून निघून गेला. प्रूफकाका पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसले.  परत कुठल्या बसने जायचं, तेही पाटीवरच लिहिलेलं असणार.

थोड्या वेळाने एक बाई येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पस्तिशीची असेल. हात कोपरापर्यंत पांढुरके, साबण आणि औषधाने सोललेले. तिने विचारलं, "काका, कुठं जायचं होतं?"

कुणाची तरी वाट पाहतोय, असं त्यांनी सांगितलं.

 ती समोर बघतच म्हणाली, "मी पण पूर्वी असंच सांगायचे. वाचता येत नाही ना? त्यात लाजायचं काय, मलाही येत नाही."

तोंडात मारल्यासारखे प्रूफकाका तिच्याकडे बघत राहिले. मी कोण आहे माहीत आहे का, असं ओठांवर आलं होतं. पण ते कोण होते? आता सांगण्यासारखं काय उरलं होतं? आणि मग जे बायकोपाशी, डॉक्टरांपाशी, मालकांपाशी बोलता आलं नव्हतं ते त्या उजाड थांब्यावर, नाव-गाव माहीत नसलेल्या बाईपाशी, ते सगळं बोलले. सकाळचा पेपर, आपलंच न वाचता येणारं अक्षर, भिंत. 

तिने अरेरे केलं नाही. विचार करून एकच विचारलं.

"म्हणजे तुम्हाला लिहिता येतं?"

"लिहिता येतं."

"मला तेच हवंय," ती म्हणाली.

इस्पितळाचं धुलाईघर तिथेच, कारखान्यांच्या ओळीत होतं, आणि ती त्यात धुण्याचं आणि इस्त्रीचं काम करायची. तिथे सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणत. नवरा फार पूर्वी गेला होता. एकच लेक, अकरा-बारा वर्षांची. पोरगी अशी बडबडी, की तिच्या तोंडाला कधी खीळ म्हणून नाही. मागच्या थंडीत तिला ताप आला, डोक्यात गेला. जीव वाचला, कान गेले. पूर्ण गेले. शाळेत शिकली होती म्हणून तिला वाचता येई, आणि बोलणंही शाबूत होतं.

"ती बोलते, मला ऐकू येतं," इस्त्रीवाली म्हणाली. "मी बोलते, तिला नुसते ओठ हललेले दिसतात. तिच्यापर्यंत जायला एकच वाट उरली, आणि त्या वाटेनं मला चालता येत नाही."

म्हणून ती ग्रंथालयातल्या वर्गाला जात होती. वर्गाच्या बाईंनीच चौकशा करून बहिऱ्या मुलांची एक चांगली शाळा शोधून दिली होती. दूर होती, तिथेच राहायचं होतं. आता सुट्टी संपली की जायचं. पण ही गोष्ट लेकीला सांगायची कशी? शेवटी इस्त्रीवालीच्या भावाने एका कागदावर लिहिलं की तुला लांबच्या शाळेत ठेवणार आहोत, आणि पोरीच्या हातात दिलं. तिने वाचलं. त्या दिवसापासून ती बोलायची थांबली. तिला वाटलं, कान गेले म्हणून आई आपल्याला टाकून देते आहे.

प्रूफकाकांनी खिशातलं पेन काढलं. काय लिहायचं ते सांगा, मी आत्ता लिहून देतो, म्हणाले. इस्त्रीवालीने नकाराची मान हलवली.

"भावानं लिहिलंच होतं की. दुसऱ्याच्या हातचं तिला कळतं. मला माझ्या हातचं द्यायचंय."

मग तिने त्यांना परतीची बस दाखवली. पाटी वाचून नाही, बसच्या उजव्या बाजूला पडलेला पोचा बघून.

पुढच्या वर्गाच्या दुपारी प्रूफकाका ग्रंथालयात गेले. टेबलावरच्या ओळखीच्या चेहऱ्यांना तोंड चुकवत, खाली मान घालून, ते सरळ पडद्यापर्यंत पोचले आणि तिथे अडले. पडदा कुणामुळे लावावा लागला होता, ते त्यांना विसरता आलं नव्हतं. आतून ग्रंथपाल बाईंनी तो बाजूला केला. कालच भेटल्यासारख्या म्हणाल्या, "या काका, खुर्ची ठेवलीय," आणि पुन्हा फळ्याकडे वळल्या. कुरकुरीचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही, पुढेही कधी काढला नाही.

खोलीत सरस आणि जुन्या कागदाचा वास होता. भिंतीशी पाठ फुटलेल्या पुस्तकांच्या चळती होत्या. बाईंनी सुतारकामाच्या खरखरीत कागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर डकवली होती. बोट फिरवून वळण लक्षात यावं, हा हेतू. त्यातलं एक त्यांनी प्रूफकाकांपुढे सरकवलं. ते बघत राहिले. काही केल्या ओळख पटेना. मग त्यांनी बोट ठेवलं आणि हात आपण होऊन निघाला. गोल, दांडा, पुन्हा गोल.

"क," ते म्हणाले.

डोळ्यांना कळलं नव्हतं, हाताला कळलं होतं. इतकी वर्षं लिहून लिहून हाताने जे साठवून ठेवलं होतं, ते तिथेच होतं. त्यांनी दुसरं अक्षर ओढलं, तिसरं ओढलं. कपाळावर घाम आला. शेजारी बसलेला पहारेकरी आपलं गिरवणं सोडून बघत होता. प्रूफकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसायच्या निमित्ताने बराच वेळ तोंडावर धरला.

आनंदाच्या भरात त्यांनी त्याच दिवशी एक पुस्तक मागून घेतलं. बोटाने अक्षर अन् अक्षर गिरवत ओळ लागायला इतका वेळ गेला, की शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात विसरली गेली. एके काळी पानावरून नजर फिरवली की चुकलेलं अक्षर आपण होऊन उठून दिसे. त्यांनी पुस्तक मिटलं. एवढंच परत आलं आहे आणि याहून फारसं येणार नाही, हे त्यांना त्या क्षणी कळून चुकलं.

पण इस्त्रीवालीला लिहायला शिकवणं त्यांना जमत होतं. निदान जमायला हवं होतं. तिचा हात जड इस्त्रीला सरावलेला, ती पेन्सिल अशी दाबायची की टोक मोडे नाहीतर कागद फाटे. "कागदाला सुरकुत्या नाहीत बाई," ते म्हणत, "हलका हात चालवा." ती हसायची आणि पुन्हा दाबायची. पहिले काही दिवस त्यांचा जुना स्वभाव उसळी मारून येई. ती उच्चार करत लिहायची. तिने ऱ्हस्व म्हटलं की ते दीर्घ म्हणत, ती पुढे गेली की मागे ओढत. एक दुपार अशीच एका वेलांटीपायी वाया गेली. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"काका, मला अख्खी भाषा नकोय. माझ्या लेकीपुरती द्या."

 त्या संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला विचारलं, तुला आईची आठवण आली तर काय काय शब्द मनात येतात? ती चकित झाली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला शब्द कधी विचारला नव्हता. मग ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले. ये, जा, राहा, जेव. घर, वाट, सुट्टी. थंडी वाजते का. तीच यादी पुढे इस्त्रीवालीने गिरवली. शिफ्ट करून यायची, डोळ्यांवर झोप असायची, तरी यायची. धुलाईघरात वाफेने पांढऱ्या झालेल्या काचेवर ती बोटाने शब्द लिहिते आणि मुकादम ओरडला की पुसते, असं तिने एकदा सांगितलं.

एकदा पडदा सरकला आणि छापखान्यातला एक जुना सहकारी आत डोकावला. पुठ्ठ्याच्या अक्षरांसमोर बसलेल्या प्रूफकाकांना बघून तो दारातच थिजला. त्यांच्या हाताखालून 'घ' चालला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, ओळखीची मान हलवली आणि घ पुरा केला.

लेकीला न्यायच्या आदल्या दिवशी इस्त्रीवाली तिला बरोबर घेऊन आली. काटकुळी पोरगी, तेल लावून घट्ट विंचरलेले केस, नजर जमिनीला खिळलेली. बाईंनी तिला बाहेर लांब टेबलाशी बसवून पुढ्यात चित्रांचं पुस्तक ठेवलं. तिने पान उलटलं नाही. आत मागच्या खोलीत तिची आई कागद घेऊन बसली. त्या दिवशी बाईंनी कुणाला काही शिकवलं नाही. स्वयंपाकीण, पहारेकरी, आजी, सगळे आपापल्या वहीत बघत असल्यासारखे बसले होते आणि कुणाचीही पेन्सिल चालत नव्हती. फक्त एकीचीच.

बऱ्याच वेळाने तिने कागद प्रूफकाकांपुढे ठेवला. त्यांनी बोट लावलं.

तु ओझं नाहिस. तिथे तूला शीकवतिल. मला आजून निट लिहीता येत नाहि. मी शीकते आहे. सूटीला मि घ्यायला येनार.

अक्षर अन् अक्षर हाताखालून गेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बोटाला लागत गेल्या, खडे लागावेत तशा. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं ते तिथेच राहिलं.

"चुका आहेत ना?" इस्त्रीवालीने विचारलं. 

"आहेत."

"पुष्कळ?"

"आहेत पुष्कळ," प्रूफकाका म्हणाले. "पण वाचणाऱ्याला अडवेल अशी एकही नाही. घेऊन जा."

ती उठली. पडदा बाजूला झाला तो कुणी पुन्हा ओढला नाही, त्यामुळे प्रूफकाकांना बाहेरचं टेबल दिसत होतं. तिने कागद लेकीच्या पुढ्यातल्या पुस्तकावर ठेवला आणि शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी खुर्चीमागे उभी राहिली. मुलीने आधी बघितलंच नाही. मग बघितलं. मामाच्या हातचं नाही, हे तिला अक्षरावरूनच कळलं असावं, कारण तिने एकदम कागद उचलून तोंडाजवळ नेला. वाचला. परत वरून वाचला. मग मागे वळली.

"आई, हे तू लिहिलंस?"

आपला आवाज केवढा मोठा आहे ते तिला कळत नव्हतं. त्या शांत दालनात तो भिंतीवर आपटून आला. वर्तमानपत्रं खाली झाली, मासिकामागे झोपलेले गृहस्थ जागे झाले. कुणी शुक् केलं नाही.

आईने मान डोलावली.

"सुट्टीला येशील? खरंच?"

इस्त्रीवालीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिने कागद ओढून घेतला, टेबलावर वाकली आणि अख्ख्या हाताचं वजन टाकून एकच अक्षर लिहिलं. प्रूफकाकांना ते इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, आणि दिसलं असतं तरी वाचता आलं नसतं. पण दांडा कुठे ओढला, मात्रा कुठे दिली, ते त्यांना तिच्या हाताच्या हालचालीवरून कळलं. हो.

मुलीने आईच्या कमरेला मिठी मारली. म्हातारे वाचक आपापल्या पेपरात तोंड खुपसून बसले, आणि बराच वेळ कुणाचंच पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. त्यानंतरच्या वर्गाला इस्त्रीवाली येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली. डोळे सुजलेले होते. घरात आवाज नाही, म्हणाली, आणि वही उघडली. पुढे शाळेतून लेकीची पत्रं येऊ लागली, ती इस्त्रीवाली मागच्या खोलीत कोपऱ्यात बसून, ओठ हलवत, तासन्‌तास वाचायची. कुणाला दाखवायची नाही. कुणी विचारायचंही नाही.

छापखान्यातलं टेबल दुसऱ्या कुणाला तरी दिलं गेलं. सांगायला मालक स्वतः आले. प्रूफकाकांनी त्यांना चहा पाजला, लाल पेनांचा डबा त्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, नव्या माणसाला द्या. त्या रात्री ते जेवले नाहीत. उशाशी पुस्तक नसलेल्या खाटेवर झोपायची सवय त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. पण वर्ग त्यांनी सोडला नाही. लिहायला शिकणारे त्यांच्याकडे आणि वाचायला शिकणारे बाईंकडे, अशी वाटणी झाली. स्वयंपाकीण पदार्थांची नावं लिहायला शिकली, पहारेकरी सही ठोकायला शिकला. आजी मध्येच वारली. तिच्या खुर्चीवर पुढे दुसरं कुणी बसलं, तरी काही दिवस सगळे तिला आजीची खुर्चीच म्हणत.

मग एके संध्याकाळी प्रूफकाका बायकोला घेऊन ग्रंथालयात गेले. खिडकीकडच्या टोकाला दोघं बसली. त्यांनी तिच्यापुढे एक कादंबरी ठेवली आणि म्हणाले, वाच. तिने आधी नवऱ्याकडे, मग आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात सुरुवात केली. जोडाक्षर आलं की ती थांबायची. तेही थांबायचे. पुस्तक संपायला पावसाळा उलटून गेला.

सुट्टी लागली तशी मुलगी आली. उंची वाढली होती. हात सारखे हवेत चाललेले. त्या शाळेत बोटांनी बोलायला शिकवत, आणि आईला ती बोटं कळत नव्हती. म्हणून दोघी एका दुपारी लांब टेबलाशी समोरासमोर बसून कागदावरच बोलत होत्या. प्रूफकाका मागच्या खोलीत होते. बाहेर शब्द एक नव्हता, पण पेन्सिल कागदावर आपटल्याचा आवाज येत होता. बाईंनी डोकावून पाहिलं आणि त्या हसू दाबत आत आल्या. मायलेकींचं जुंपलंय, म्हणाल्या. पोरगी केस कापून आली आहे, आईला पसंत नाही.

तेवढ्यात इस्त्रीवाली पडदा झटकून आत शिरली. चेहरा लाल झाला होता, पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "'हट्टी' कसं लिहायचं?"

प्रूफकाकांनी एक कागद पुढे ओढला आणि सावकाश, ट ला ट जोडून, लिहून दिलं. ती कागद घेऊन तरातरा बाहेर गेली.